चौऱ्याण्णव टक्के भेटी झाल्या म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका संस्थेचा नवजात बाळांच्या घरभेटींचा तीन वर्षांचा कार्यक्रम, डोंगराळ आदिवासी तालुका, आशाताईंच्या सरकारी कामाला जोड म्हणून चाललेला. दीड वर्ष संपलं, रिपोर्टात ९४ टक्के भेटी पूर्ण दिसतायत, तरी पैसे देणारे म्हणतात प्रोसेस इव्हॅल्युएशन करा. मग दर महिन्याला रिपोर्ट जातोच त्यापेक्षा हे वेगळं काय, सुरुवात कुठून करायची आणि किती घरांचा सर्व्हे लागेल?

आधी त्या ९४ बद्दलच बोलते, बाकीचं त्यातूनच निघेल.

पाडे विखुरलेले, पावसाळ्यात ओढे अडवतात, दिवाळीनंतर निम्म्या घरांना कुलूप, आणि तरी शंभरातल्या ९४ बाळांच्या सगळ्या भेटी झाल्या असं कुणी सांगितलं तर मी शाबासकी द्यायच्या आधी रजिस्टर मागते. आशाताई खोटं लिहितात असं मला म्हणायचं नाहीये हां, सतरा-अठरा वर्षं हेच काम करतेय, आणि कागद जिथे वाकडा झालेला दिसतो तिथे बहुतेक वेळा कार्यक्रमच जागेवर नीट बसत नसतो आणि ती बाई बिचारी तो कागदावर तरी बसवून देत असते, कारण न बसवून देण्याची शिक्षा तिलाच होते. ही बसवाबसवी कुठे कुठे झालीय आणि का झालीय ते शोधणं, म्हणजेच तुमचं प्रोसेस इव्हॅल्युएशन. महिन्याचा रिपोर्ट किती झालं ते सांगतो, शेवटचं मूल्यमापन फरक पडला का ते सांगेल, आणि मधलं हे काम कसं झालं, कुणाबरोबर झालं, ठरवलं होतं तेच झालं का आणि नसेल तर का नाही ते सांगतं. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने २०१५ साली या विषयावर मार्गदर्शन काढलंय, त्यातही साधारण हेच आहे, ठरल्याप्रमाणे होतंय का, किती होतंय, कुणापर्यंत पोचतंय, लोकांनी जागेवर काय बदल केलेत, भोवतालची परिस्थिती काय. चांगलं आहे, पण ते वाचून लगेच फॉरमॅट बनवायला बसू नका, आपल्याकडे फॉरमॅट बनवण्यातच तीन महिने जातात आणि मग फॉरमॅट भरला की काम झालं असं वाटायला लागतं.

पहिली गोष्ट, सहा भेटींची सरासरी करू नका. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची एक जास्त, हे तुम्हाला पाठच असेल. पण पहिल्या २८ दिवसांत जी बाळं जातात त्यातली साधारण तीन चतुर्थांश पहिल्या सात दिवसांतच जातात. म्हणजे तिसऱ्या दिवसाची भेट आणि बेचाळिसाव्या दिवसाची भेट या रिपोर्टात एक-एक टिक असल्या तरी बाळाच्या दृष्टीने त्यांची बरोबरी होऊच शकत नाही. एका ठिकाणी आम्ही नुसतं भेटी दिवसावार वेगळ्या केल्या, दुसरं काही केलं नाही, तर २८ आणि ४२ जवळपास पूर्ण आणि तिसऱ्या दिवसाची भेट मात्र 'झाली' असं लिहून तारीख बघितली तर सहावा, आठवा, काही ठिकाणी अकरावा दिवस. हे काम ऑफिसात बसून दोन दिवसांत होतं, गाडी काढायलाही लागत नाही.

त्याच बैठकीत अजून काही गोष्टी बघून घ्या. वजनांचे शेवटचे आकडे बघा. काट्यावर शंभर ग्रॅमचे भाग असतील तर २.३, २.६, २.९ अशीही वजनं दिसायला हवीत, सगळी २.५ आणि ३ वर येऊन बसली असतील तर वजन डोळ्याने केलंय. त्यातही २.५ वर मुद्दाम बघा, कारण त्याच्या खाली गेलं की बाळ कमी वजनाचं, म्हणजे जास्त भेटी, जास्त कागद, वरून विचारणा, म्हणून २.४ चं बाळ कागदावर चटकन २.५ होतं. दुसरं, जन्मल्यावर पहिल्या चार-पाच दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, दहाएक टक्क्यांपर्यंतही उतरतं आणि मग दहा-चौदा दिवसांत परत जन्माच्या वजनाला येतं. ज्या रजिस्टरमध्ये प्रत्येक बाळ तिसऱ्या दिवशी जन्मापेक्षा शंभर ग्रॅमने वाढलेलं आहे ते रजिस्टर संध्याकाळी एका बैठकीत, एकाच पेनाने लिहिलेलं आहे. श्वासाचंही तसंच, पूर्ण एक मिनिट मोजायचा असतो आणि ६० च्या वर गेला तर धोका, पण ओळीने ४०, ४०, ४२, ४० असं दिसलं तर कुणी घड्याळ बघितलेलं नाही. आणि सिझेरियन झालेल्या बाईचं डिस्चार्ज कार्ड मिळालं तर तारीख जुळवून बघा, बाई आठव्या दिवशी दवाखान्यातून सुटली आणि घरी तिसऱ्या दिवसाची भेट 'झाली', असं निघतं, मी किमान तीन तालुक्यांत बघितलंय.

आता असं का होतं? पैशाचा नियम वाचा की कळेल. आशांच्या या घरभेटींची सरकारी योजना २०११ मध्ये देशभर आली तेव्हा आशाला एका बाळामागे २५० रुपये ठरले, ते एकरकमी, सगळ्या भेटी झाल्यावर, बेचाळीस दिवस संपल्यावर. आणि सुरुवातीच्या नियमांत एक अट अशीही होती की आई आणि बाळ दोघं बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सुखरूप हवेत. जरा विचार करा, चार भेटी मनापासून केल्या आणि पाचवीला बाई माहेरी गेली, तर ती काय लिहील? आणि बाळ विसाव्या दिवशी गेलं तर? जिने पाऊस-चिखलात चार वेळा डोंगर चढला तिच्या हाती शून्य, आणि ज्या मृत्यूची नोंद आपल्याला सगळ्यात जास्त हवीय ती नोंद करणारीलाच त्याचा तोटा. तुमच्या संस्थेने वरून काही जादा मानधन ठेवलं असेल तर ते कशाला बांधलंय ते आधी तपासा, बरेचदा आपणच सरकारची चूक अजून एकदा, वर जादा पैसे घालून, करत असतो.

माहेरचा मुद्दा निघालाच आहे तर तिथे थोडं थांबते, कारण ज्या ज्या घरभेटींच्या कार्यक्रमात मी मूल्यमापनाला गेलेय तिथे हा निघालाय आणि एकाही आराखड्यात तो आधी लिहिलेला नव्हता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडे कुणाला सांगायला लागत नाही, पण कार्यक्रम आखताना सगळे विसरतात. बाईचं नाव सासरच्या आशाच्या यादीत, सातव्या महिन्यात ती माहेरी गेली, बाळंतपण तिथल्या दवाखान्यात झालं, दीड-दोन महिने तिथेच राहिली. माहेरच्या आशाच्या यादीत ती नाहीच, म्हणून ती जात नाही, गेली तरी पैसे कुणाच्या नावावर हा प्रश्न. सासरची आशा फोन करते, "बरंय ना बाळ?", तिकडून "हो बरंय", झाली व्हिजिट. म्हणजे पहिलटकरणीचं बाळ, जिथे जोखीम जास्त, अनुभव कमी, तेच बाळ दोन्हीकडून सुटतं आणि कागदावर मात्र पूर्ण सहा भेटी. आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या एका गटप्रवर्तकबाईंनी यावर फार साधा तोडगा काढला होता, आपल्या वीस-बावीस आशांच्या मीटिंगमध्ये दर महिन्याला 'गेलेल्या लेकी आणि आलेल्या लेकी' अशी दोन नावांची यादी वाचायची, आणि पलीकडच्या आशाला फोन करून नाव कळवायचं. पैसे दोघी आपसात वाटून घ्यायच्या, कुठल्या जीआरमध्ये ते बसत होतं मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. हे असं जागेवर उगवलेलं शहाणपण सापडलं की ते लिहून घ्या, प्रोसेस इव्हॅल्युएशन म्हणजे फक्त चुका काढणं अशी समजूत आहे लोकांची, ती घेऊन गेलात तर हे दिसणारच नाही तुम्हाला.

बरं, ९४ टक्के हे कशाचे, तेही बघा. छेद काय आहे? नोंदवलेल्या बाळांपैकी ९४ टक्के असणार. मग न नोंदवलेली किती? सोपा हिशोब आहे, महाराष्ट्राचा जन्मदर हजारी १५ च्या आसपास आहे, आदिवासी भागात जास्तच धरा, पण १५ च घेतला तरी ३०,००० लोकसंख्येत वर्षाला ४५० बाळं यायला हवीत. तुमच्या रजिस्टरात ३१० असतील तर त्यांच्या ९४ टक्के म्हणजे २९१, आणि ४५० पैकी २९१ म्हणजे ६५ टक्के. हे नुसतं उदाहरण आहे, तुमचे आकडे घालून करा, पण करा. ती उरलेली १४० बाळं कुठली? घरी जन्मलेली, जन्मून लगेच गेलेली, ऊसतोडीला किंवा गुजरातकडे कामाला गेलेल्या घरांतली, जिथे आशाची जागाच रिकामी आहे त्या पाड्यातली. म्हणजे ज्यांच्यासाठी कार्यक्रम काढला तीच. आमच्याकडे आम्ही अंगणवाडीची यादी, दाईच्या तोंडची यादी आणि पाड्यावरच्या दोन-तीन म्हाताऱ्या बायकांना 'गेल्या दिवाळीपासून कुणाकुणाकडे पाळणा हलला' विचारून केलेली यादी अशा तीन याद्या एकमेकींवर ठेवतो, म्हाताऱ्या बायकांची यादी आजवर कधीच सगळ्यात छोटी निघालेली नाही.

आता घरी जायचं. किती घरं, हा तुमचा प्रश्न. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ते खरंय, पण कुकरच्या मधलंच शीत काढलं तर परीक्षा चुकते, वरचं कच्चं आणि तळाचं करपलेलं राहून जातं. चारशे घरांचा रँडम सर्व्हे करू नका, त्यात तुमचं बजेट आणि सहा महिने दोन्ही जातील आणि हातात येईल अजून एक टक्केवारी. सहा ते आठ गावं मुद्दाम निवडा: रस्त्यालगतचं एक, सगळ्यात आतलं एक, जिचे आकडे सगळ्यात भारी ती आशा, जिचे सगळ्यात वाईट ती आशा, जागा रिकामी असलेलं एक, आणि गेल्या वर्षी बाळ दगावलेलं किमान एक. चाळीस-पन्नास बाळं झाली की तुम्हाला तीच तीच गोष्ट परत ऐकू यायला लागेल, तिथे थांबा. वाईट आकड्यांची आशा चुकवू नका बरं का, अनेकदा तीच खरं लिहिणारी असते.

घरात गेल्यावर "आशाताई येते का?" असं विचारलंत तर उत्तर "हो येते" हेच येणार, ती त्यांच्या गावची, तुम्ही कोण कुठले. तारखाही विचारू नका, ओल्या बाळंतिणीला सातवा दिवस की नववा हे कसं आठवेल. पण पाचवीची पूजा आठवते, सटवाईची रात्र आठवते, बारसं आठवतं. "पाचवी पुजली त्याच्या आधी कोण आलं होतं बाळाला बघायला? बारशाच्या वेळी ताई होत्या का? त्यानंतर?" असं विचारलं की बाई, तिची सासू, जाऊ तिघी मिळून दिवस लावून देतात. आदिवासी पाड्यांवर विधी वेगळे असतात, तिथले आधी विचारून घ्या, पावरा घरात बारशाची गोष्ट काढून उपयोग नाही. मग नुसतं आली का ते नको, काय केलं ते: झोळीत घालून वजन केलं का, ते करताना बाळ रडलं का, पोट उघडं करून श्वास मोजला का, किती वेळ बसली, चहा घेतला का. चहा घेतला का हा माझा आवडता प्रश्न आहे, चहा झाला असेल तर ती बसली होती.

आणि भेट कुठून झाली तेही बघा. बाळंतिणीची खोली वेगळी, अंधारी, शेक-धुरी चाललेली, बाहेरच्याला आत प्रवेश नाही, आणि त्यात आशा जर घरच्यांच्या लेखी 'खालच्या' जातीची असेल तर तिला ओटीवरूनच परत पाठवतात, कुणी तोंडावर म्हणत नाही पण "बाळ झोपलंय, नंतर या". ती रजिस्टरमध्ये काय लिहिणार, जातीमुळे आत घेतलं नाही असा रकाना आहे कुठे? तिने टिक केली. मी बाई असल्याने मला आत जाता आलं, आमच्या टीममधल्या पुरुष सहकाऱ्याला हे चार वर्षांत कळलं नव्हतं, त्याची यात चूक नाही, पण घरभेटीला जाणाऱ्या टीममध्ये बाई असलीच पाहिजे.

ती आत गेली तरी बोलली कुणाशी? हा प्रश्न फार महागात पडलेला आहे. बांगलादेशात १९९५ ते २००२ असा मोठा पोषण प्रकल्प झाला, जागतिक बँकेच्या पैशाने, आईला समजावून सांगायचं यावर भर, कारण तमिळनाडूत आधी तसाच प्रकल्प झाला होता. पण बांगलादेशात ग्रामीण भागात बाजारहाट पुरुष करतात आणि सुनेने काय खायचं यात सासूचा शब्द मोठा, त्यामुळे आईला सगळं समजलं तरी तिच्या हातात काही नव्हतं, हे नंतरच्या मूल्यमापनात निघालं, पैसे संपल्यावर. आपल्याकडेही बाळाला अंघोळ घालणारी, गुटी चाटवणारी, मालीश करणारी आजी असते. आशाने "गुटी देऊ नका, लगेच अंघोळ घालू नका" हे एकवीस वर्षांच्या सुनेला सांगितलं आणि सुनेने मान हलवली, झालं समुपदेशन. आम्ही एका तालुक्यात मूल्यमापनात एकच प्रश्न वाढवला, 'बोलताना समोर आजी होती का', आणि त्यानंतर संस्थेने भेटीची वेळ बदलली, सकाळी दहाला सासू शेतावर असायची ती संध्याकाळी सापडायला लागली.

इथे राजस्थानातल्या उदयपूरची गोष्ट सांगायलाच हवी, कारण चालू कार्यक्रमात आकडे कसे फसवतात त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. सेवा मंदिर नावाची तिथली जुनी संस्था. २००३ मध्ये त्यांनी आपल्या एकशिक्षकी शाळांतल्या मास्तरांना कॅमेरे दिले, रोज सकाळी आणि शाळा सुटताना मुलांबरोबर फोटो, तारीख-वेळ उमटलेला, आणि पगार हजेरीवर. कॅमेरे नसलेल्या शाळांत गैरहजेरी ४२ टक्के, तर कॅमेरेवाल्या शाळांत २१. मग तसंच काहीसं नर्सताईंसाठी केलं, २००६ मध्ये, सबसेंटरला, म्हणजे आरोग्य उपकेंद्रात, हजेरी नोंदवायचं यंत्र, गैरहजर राहिलं तर पगार कापायचा, तो मात्र सरकारी आरोग्य खात्याने. सुरुवातीला हजेरी मस्त वाढली. आणि सोळा महिन्यांनी काहीच फरक उरला नाही. पण गंमत बघा, कागदावरच्या 'गैरहजर' दिवसांत वाढ झालीच नव्हती, वाढले होते ते 'सवलतीचे' दिवस, म्हणजे मीटिंग होती, कॅम्प होता, यंत्र बिघडलं होतं, वगैरे, आणि ही सूट खात्यातूनच मिळत होती. एकच संस्था, एकच जिल्हा, कल्पना जवळपास तीच, पण एका ठिकाणी पगार संस्था देत होती आणि दुसरीकडे सूट द्यायचा अधिकार वेगळ्याच माणसाकडे होता. नुसता गैरहजेरीचा रकाना बघत बसला असता तर सगळं छान चाललंय असंच वाटलं असतं. तेव्हा तुमच्या फॉरमॅटमधला 'इतर', 'सूट', 'कारण' असा जो रकाना असेल, ज्याच्याकडे कुणी बघत नाही, तो आधी महिनावार लावून बघा.

अजून एक. तुमचं मूळ मॉडेल गडचिरोलीचं असणार, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'चं, बहुतेकांचं तेच असतं. त्यांचा अभ्यास ३९ गावांत आरोग्यदूत, म्हणजे शिकवून तयार केलेली गावातलीच बाई, आणि ४७ गावं तुलनेला असा होता, १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, नवजात मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त कमी झाले. पण तिथली आरोग्यदूत जंतुसंसर्ग ओळखून स्वतः इंजेक्शन देत होती, तिच्यावर सततची देखरेख होती, गाव छोटं होतं. देशभर पसरताना घरभेट आली, इंजेक्शनचा भाग आशाच्या कामात आला नाही, तिने धोका ओळखून बाळाला पुढे पाठवायचं असं ठरलं. म्हणजे तुमच्या कार्यक्रमाचा सगळा भार 'पुढे पाठवणं' या कडीवर आहे. मग ती कडी तपासलीत का? आशाला धोका दिसला, तिने सांगितलं, घरच्यांनी ऐकलं की आधी भगताकडे नेलं, १०२ किंवा १०८ ला फोन लागला का, त्या पाड्यावर रेंज आहे का, गाडी किती वेळात आली, दवाखान्यात घेतलं की तिथून अजून पुढे पाठवलं. मी तर म्हणते पाठवलेल्या दहा बाळांचा आणि दगावलेल्या पाच बाळांचा असा पूर्ण माग काढा, पहिल्या तासापासून शेवटपर्यंत, एकेका दारापाशी जाऊन. यातून जे कळतं ते चारशे घरांतून कळत नाही. एका बाळाच्या मागावर आम्हाला असं कळलं की आशाने सगळं बरोबर केलं होतं, गाडीही आली होती, पण गाडी रस्त्यापर्यंत येते आणि पाडा रस्त्यापासून दीड तास खाली, रात्री बाळाला कशात गुंडाळून न्यायचं हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं, दवाखान्यात पोचेस्तोवर बाळ गार पडलं. त्यानंतर ट्रेनिंगमध्ये आईच्या छातीशी बांधून न्यायची पद्धत दोन तास करून घेतली जायला लागली. आधी ती एका स्लाइडवर होती.

आता हे काम करणार कोण. तुमच्याच सुपरवायझरला पाठवलंत तर आशा त्याला खरं सांगणार नाही, आणि पुण्या-मुंबईहून एजन्सी आणलीत तर तिला भाषा कळणार नाही. शेजारच्या तालुक्यातल्या दोन अनुभवी गटप्रवर्तक, स्थानिक भाषा येणारी एक मुलगी आणि बाहेरचा एक माणूस असं चौघांचं मिश्रण मला आजवर सगळ्यात चांगलं वाटलंय. आणि आधीच, लेखी, सगळ्यांसमोर ठरवा की गावाचं आणि आशाचं नाव रिपोर्टात जाणार नाही. मी हे शिकले ते माझ्याच चुकीतून. सुरुवातीच्या वर्षांत मी एका रिपोर्टात गावनिहाय तक्ता दिला, कोणत्या गावात किती भेटी खऱ्या, किती नुसत्या कागदावर, मला तो तक्ता फार सुंदर वाटला होता. एका गावात एकच आशा असते, त्यामुळे नाव न लिहूनही नाव लिहिल्यासारखंच झालं. महिनाभरात कळलं की दोघींचं मानधन अडवलं आणि एकीला मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं केलं. त्यातल्या एकीने मला घरी जेवायला वाढलं होतं. त्यानंतर त्या तालुक्यात मला कुणी काही खरं सांगितलं नाही, का सांगावं?

सापडलेलं आधी आशांनाच सांगा, घरभेटी संपल्यापासून तीन आठवड्यांत, त्यांच्याच मासिक बैठकीत, चहा-भजी मागवून, "आम्हाला असं असं दिसलं, बरोबर आहे का?". त्या तुमची निम्मी निरीक्षणं दुरुस्त करतील. सहा महिन्यांनी आलेला ऐंशी पानी रिपोर्ट चालू कार्यक्रमात काही कामाचा नसतो, तोवर पुढच्या पावसाळ्यातली बाळं जन्मून गेलेली असतात.

मग काय बदलायचं ते ठरवताना सगळा फरक म्हणजे चूक असं धरू नका. आशाने २१ आणि २८ ची भेट एकत्र केली कारण मधल्या आठवड्यात लावणी होती, ठीक आहे, जगणार आहे बाळ. ३ आणि ७ एकत्र केली, तर तिथे मात्र गाडी थांबवायची. आणि जे काही बदलाल ते एका वहीत तारखेसह लिहा, 'अमुक महिन्यापासून भेटीची वेळ संध्याकाळी', 'तमुक महिन्यापासून मानधन भेटीगणिक'. ही वही फार महत्त्वाची आहे, कारण तीन वर्षांनी कुणीतरी येऊन कार्यक्रमाचा परिणाम मोजणार, आणि तो मूळ प्रस्तावात लिहिलेला कार्यक्रम मोजणार, जो तुम्ही दीड वर्षापूर्वीच सोडून दिलेला असेल.

पैसे देणाऱ्यांना ९४ चा आकडा खाली आला तर काय वाटेल ही भीती असते, कळतं मला. त्यांना आधीच फोन करून सांगा की पुढच्या तिमाहीत आकडा पडणार आहे आणि तो पडणं म्हणजे नोंद सुधारली असा अर्थ आहे. एकदा एका फंडरच्या बाईंनी हे ऐकून मला विचारलं, मग आतापर्यंतचे आकडे खोटे होते का? मी म्हटलं, खोटे नाही, भेटी खऱ्याच झाल्यात बऱ्याचशा, फक्त तुम्हाला वाटल्या त्या दिवशी आणि त्या घरात झालेल्या नाहीत. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग तिसऱ्या दिवसाची भेट वेगळी रिपोर्ट करा म्हणाल्या. सगळे असे भेटत नाहीत, पण विचारून बघायला काय हरकत आहे.

आणि हो, जायचं कधी. बहुतेक संस्था हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकतात, बजेट संपवायचं असतं आणि रस्ते कोरडे असतात. एक फेरी ऑगस्टमध्ये करा, ओढा भरलेला असताना, आणि एक डिसेंबरच्या शेवटी, घरांना कुलपं असताना. ऑगस्टच्या फेरीत गाडी जिथे अडेल तिथे उतरा आणि आशाबरोबर पुढे चालत जा, मोबाईलमध्ये वेळ लावून. वजनकाटा तिच्या पिशवीत असतो का हेही त्या चालण्यातच कळतं.